लाल गाडी थांबली कशासाठी

निपाणीत इंग्रजी पिक्चर लागला की माणसं तो बघायला कमी आणि ऐकायला जास्त जायची. पडद्यावरची गोरी माणसं आपसात काय बोलतात, कोण कुणावर रुसलंय, कुणी कुणाचा घात केलाय, हे सांगणारा माणूस परशरामच्या टॉकीजमध्ये असायचा. पडद्याच्या डाव्या अंगाला एक उंच स्टूल, स्टुलावर भीमसेन आणि त्याच्या हातात माईक. पिक्चर इंग्रजीत बोलायचा आणि भीमसेन निपाणीच्या मराठीत.

आठवडाभर तो हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. मास्तर म्हणून मान होताच, पण गावात त्याची खरी ओळख होती ती या आवाजाची. त्याचा बाप सत्याप्पा. त्याचा उभा जन्म वखारीत तंबाखूची बोदं, ती पोत्यांएवढी जड गाठोडी, उचलण्यात गेला. ज्या गावात त्याला हॉटेलाबाहेर उभं राहून वेगळ्या कपातनं चहा प्यावा लागला, त्या गावातली व्यापारी मंडळी आता अंधारात गप्प बसून त्याच्या पोराचा शब्द झेलतात, हे ऐकायला म्हातारा प्रत्येक पिक्चरच्या पहिल्या खेळाला हजर असायचा. पांढरा पटका बांधून, पुढच्या खुर्चीत, दोन्ही हात काठीवर ठेवून.

परशराम आणि भीमसेन बेळगावात कॉलेजला बरोबर होते. एका खोलीत राहिले, खडेबाजाराच्या एकाच खानावळीत जेवले. परशरामच्या घरी त्यावरून कुरकुर झाली, तेव्हा तो बापाला म्हणाला होता, "त्याच्या ताटाला ताट लावलेलं चालत नसंल तर मी बी हितनं फुडं घरात जेवत न्हाय." पुढं बापाच्या माघारी टॉकीज परशरामकडे आली. इंग्रजी पिक्चर आणायचे आणि भीमसेननं ते मराठीत सांगायचे, ही कल्पना दोघांची. तिचं श्रेय कुणाचं, यावर दोघं वर्षानुवर्षं हसत भांडायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षी 'लाल गाडी' आला. पिक्चरचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. त्यात टॉम नावाचा शर्यतीचा ड्रायव्हर होता आणि त्याचा जिवलग हॅरी. पहिल्याच दिवशी निपाणीनं टॉमचा तम्मा केला आणि हॅरीचा हरी.

गोष्ट साधी होती. तम्माची लाल गाडी जुनी, भंगारातनं उचलून दोघांनी मिळून उभी केलेली. पुढं हरीला एका बड्या कंपनीनं नोकरीवर ठेवलं आणि एकाच शर्यतीत दोघं एकमेकांविरुद्ध उतरले. डोंगरातला रस्ता, एका बाजूला दरी. शेवटच्या वळणावर लाल गाडी सगळ्यांच्या पुढं, आणि मागं हरीची गाडी उलटून पेट घेते. तम्मा आरशात बघतो. समोर पांढरी रेघ, रेघेपलीकडं कप घेऊन उभी असलेली माणसं. आणि तम्मा ब्रेक दाबतो. गाडी मागं घेतो. तिसराच कुणीतरी धूळ उडवत रेघ ओलांडून जातो आणि तम्मा पेटत्या गाडीतनं हरीला ओढून काढतो.

तम्मा तिथं तोंडातनं चकार शब्द काढत नाही. नुसता गाडीचा आवाज. पण पहिल्या खेळाला ते दृश्य आलं आणि भीमसेनला गप्प राहवलं नाही. माईक तोंडाशी होताच. तो म्हणाला, "कप काय मंडळी, फुडच्या साली बी मिळंल. हरी परत कुठं मिळणार?"

टॉकीज रडली. अगदी मोठ्यानं रडली. ट्रकवाले रडले, हमाल रडले, मागच्या बाकावर वखारीतल्या बायका पदर तोंडात कोंबून रडल्या. ते वाक्य मग प्रत्येक खेळाला आलं. खेळ कमी पडू लागले. कोगनोळी, सौंदलगा, बेनाडीकडनं गाड्या जुंपून माणसं आली. पुणे-बेंगळूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या मागं 'हरी-तम्मा' असं रंगवलेलं दिसू लागलं. दोन भाऊ वाटणीवरून भांडायला लागले की शेजारची म्हातारी माणसं म्हणायची, "आरं, तो गोरा परका माणूस थांबला, तुमी तर एका आईची लेकरं." आणि सत्याप्पा वखारीत जेवणाच्या सुट्टीत ती गोष्ट इतक्यांदा सांगायचा, की बायका म्हणायच्या, "सत्याप्पा आण्णा, आता तुमीच माईक घ्या."

पाचेक वर्षांनी, तंबाखूचं आंदोलन होऊन गेलं त्याच्या पुढच्या वर्षी, परशराम दुपारच्या सुट्टीत शाळेत आला. चेहरा फुललेला.

"भीमा, 'लाल गाडी'चा दुसरा भाग आलाय!"

"पिक्चरला दुसरा भाग असतोय व्हय रं?"

"ह्याला हाय. त्योच तम्मा, तीच गाडी. बेळगावच्या कॅम्पात लागून गेला. रविवारी आपल्याकडं."

भीमसेनचा एक नेम होता. पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी तो रिकाम्या टॉकीजमध्ये एकट्यानं बघायचा, मगच स्टुलावर बसायचा. त्यानं विचारलं, "मग शनिवारी येऊ बघायला?"

"रिळांचं डबं रविवारी दुपारच्या बसनं येणार. ह्या टायमाला जमत न्हाय." परशराम हसला. "आणि तुला कशाला आधी बघाय पायजे? तू तम्माला माझ्यापेक्षा जास्त वळखतोस. बाजारादिवशी टांगा सांगितलाय. तुझ्या आवाजात एकदा गाव फिरून यिऊ."

आजवर टांग्यातली जाहिरात परशरामचा नोकर करायचा. मास्तरनं टांग्यात बसून ओरडत फिरावं हे बरं दिसलं नसतं. पण हा 'लाल गाडी' होता. बाजारादिवशी भीमसेन टांग्यात बसला. भाजीबाजारातनं, वखारींपुढनं, स्टँडपाशी, सगळीकडं त्याचा आवाज घुमला. "मंडळी, तम्मा परत आलाय! हरी बरा झाला का? दोघांनी मिळून कप जिकला का? बघायला या. ह्याच्याआधी मी कधी टांग्यात बसलो न्हाय, आज बसलोय. माझ्या शब्दावर या!"

'माझ्या शब्दावर' हे परशरामनं सांगितलं नव्हतं. ते भीमसेनच्याच तोंडून आलं. टांग्यात शेजारी बसलेल्या परशरामनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि नजर रस्त्याकडं वळवली.

रविवारी तीनच्या खेळाला टॉकीज इतकी भरली की दारं लागेनात. सत्याप्पा पुढच्या खुर्चीत, नवा पटका. भीमसेनची बायको सोनुबाई गल्लीतल्या दहा-बारा बायका घेऊन आलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडून तिनं पहिली 'लाल गाडी' ऐकलेली होती, बघितलेली नव्हती.

पडदा उजळला. लाल गाडी दिसली आणि शिट्ट्यांनी पत्रा हलला. भीमसेन मात्र स्टुलावर जरा चुळबुळला. गाडी लाल होती, पण ती गाडी नव्हती. नवी कोरी, लांबडी, कुठंही ठोकलेली नसलेली. तम्मा जाडा झाला होता. डोळ्यांखाली पिशव्या, तोंडात सिगार. भीमसेननं सावरून घेतलं. "दिवस बदलले मंडळी. तम्माला बरे दिवस आलेत."

पहिल्याच दहा मिनिटांत एक बाई तम्माला विचारते, हॅरी कुठं असतो? तम्मा म्हणतो, मेला, तापानं. एवढंच. आणि ग्लास उचलतो. भीमसेननं ते सांगितलं, तेव्हा पाठीमागनं कुणीतरी "आं?" केलं. ज्याच्यासाठी गावानं डोळे पुसले, तो हरी एका वाक्यात मेला होता. त्याला मसणवाटसुद्धा दाखवली नाही.

मग शर्यती सुरू झाल्या. गाड्या उडत होत्या, आपटत होत्या, पेटत होत्या. कोण कुणाविरुद्ध पळतंय, कशासाठी पळतंय, काही कळेना. मधूनच जुन्या पिक्चरचे तुकडे चिकटवलेले, तेच वळण, तीच दरी. एका ठिकाणी तर लाल गाडी दरीत कोसळते आणि पुढच्या क्षणी धडधाकट रस्त्यावर. "हे कसं काय मास्तर?" असं एकानं ओरडून विचारलं, तेव्हा भीमसेन म्हणाला, "मला बी न्हाय कळालं." लोक हसले. अजून ते त्याच्या बाजूचे होते.

मध्यंतरानंतर एक दृश्य आलं. दारूच्या गुत्त्यात तम्मा एका पोरीशेजारी बसलाय. पोरगी कौतुकानं म्हणते, तुम्ही मित्रासाठी शर्यत सोडलीत, माझे वडील अजून सांगतात. तम्मा हसतो. पहिल्या पिक्चरमध्ये तो कधी असा हसला नव्हता. आणि इंग्रजीत तो जे बोलला ते भीमसेनच्या कानात शिरलं: हॅरीसाठी कोण थांबतंय? मला हरण्याचे पैसे मिळाले होते. मी थांबणारच होतो. हॅरीची गाडी पेटली, हे माझं नशीब. सगळ्यांना वाटलं, मी देवमाणूस.

भीमसेननं माईक तोंडापासून खाली घेतला.

"काय म्हनाला, मास्तर?" अंधारातनं आवाज आला.

पुढच्या खुर्चीत बाप वर मान करून बघत होता, पडद्याकडं नव्हे, त्याच्याकडं.

"तम्मा म्हणतोय," भीमसेन म्हणाला, "की... हरीची लई आठवण येतीया. हरीसाठी थांबलो, त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाय."

टॉकीज सुस्कारली. कुणी टाळीही वाजवली. पण पडदा थांबणारा नव्हता. पुढच्याच क्षणी जुने दिवस दाखवले. तोच डोंगर, शर्यतीची सकाळ. सुटातला एक माणूस तम्माच्या हातात पिशवी देतो. तम्मा पिशवी उघडतो. आत नोटांच्या गड्ड्या. तम्मा मान डोलावतो, पिशवी लाल गाडीच्या सीटखाली सरकवतो आणि शर्यतीला जातो. हे बघायला इंग्रजी कशाला लागतंय?

"मास्तर, ही पिशवी कसली?"

"आवो मास्तर, पैसं खाल्लं का काय त्यानं?"

गलका वाढला. भीमसेननं माईक दोन्ही हातांनी धरला.

"व्हय," तो म्हणाला. "खाल्लं. मगाशी मी खोटं सांगितलं. तो हरीसाठी थांबला नव्हता. हरायचं पैसं घेतलंतं त्यानं, म्हणून थांबला. तोच सांगतोय."

मग टॉकीज फुटली. खुर्च्या वाजल्या, चपला पडद्यावर गेल्या. "पैसं परत द्या!" "मास्तर, टांग्यात बसून हेच सांगत हिंडलासा व्हय?" त्या गदारोळात पुढच्या खुर्चीतनं सत्याप्पा उठला. काठी टेकत, कुणालाही धक्का न लावता, तो मधल्या वाटेनं चालत गेला. दार उघडलं, उन्हाचा पट्टा आत आला, पटका त्या पट्ट्यातनं बाहेर गेला आणि दार मिटलं.

भीमसेननं माईक स्टुलावर ठेवला आणि तो टॉकीजच्या ऑफिसात गेला.

एरवी पहिल्या खेळाला परशराम दारापाशी उभा राहून लोकांची तोंडं बघायचा. आज तो ऑफिसात खुर्चीवर बसून होता. आतला आरडाओरडा ऐकून तो उठलासुद्धा नव्हता. ते बघितलं आणि भीमसेनला विचारायच्या आधीच कळलं. तरी त्यानं विचारलं.

"तू बघितलावतास?"

परशरामनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "कॅम्पात. पंधरवड्यामागं."

"आणि डबं?"

"शुक्रवारीच आलं."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तू टांग्यात बसला असतास? भीमा, मी तो घेतला नसता तर फुडचं तीन पिक्चर मला मिळालं नसतं. पिक्चर देणाऱ्याशी तसंच ठरलंतं. टॉकीज चालवायची हाय मला." त्याचा आवाज खाली आला. "आणि तू बघून बसला असतास तर तुझ्या बोलण्यातला जीवच गेला असता. तुला लबाडी जमत न्हाय. आज आत बघितलंस न्हवं, जमली न्हाई ती? मला तुझं खरंच बोलणं पायजे होतं."

भीमसेनला राग यायला हवा होता. पण रागाच्या आधी त्याला लाज वाटली. आपल्याला कुणी इतकं आतून-बाहेरून ओळखावं आणि ती ओळख अशी वापरावी, याची. आपल्या ताटाला ताट लावून जेवलेला माणूस तो. दुसरं कुणी असतं तर भीमसेननं टांग्यात चढण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

"माझा बाप उठून गेला, परशराम," तो एवढंच म्हणाला.

सहाच्या खेळाची रांग बाहेर लागली होती. खडकलाटकडनं ट्रकातनं आलेली माणसं, बायका, कडेवर पोरं. भीमसेन पायरीवर उभा राहिला. माईक नव्हता, पण हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"मंडळी, मी न बघता तुमाला बोलावलं. आता बघितलाय. वाईट हाय. हरी त्यात न्हाई आणि तम्मा पैसं खाणारा हाय. ज्यांना परत जायचंय त्यांनी जावा."

परशराम ऑफिसच्या दारात आला होता. त्यानं अडवलं नाही.

काही माणसं रांगेतनं बाहेर पडली. बरीचशी तिथंच राहिली. "एवढ्या लांबनं आलोय, गाड्या तरी बघू," एकजण म्हणाला. एका म्हातारीनं भीमसेनकडं असं बघितलं, की जणू पैसे त्यानंच खाल्ले होते. सहाचा खेळ कुणी न सांगता झाला. दुसऱ्या दिवशी भीमसेनच्या कानावर आलं, की काहींना तो आवडलासुद्धा. गाड्या लई भारी पेटत होत्या म्हणे.

त्या संध्याकाळी घरी चूल पेटली, भाकरी झाल्या. सोनुबाईनं ताट पुढं केलं आणि म्हणाली, "जाऊ द्या. पिक्चरच तो. मी तर आधीपासनंच म्हणत होते, रेघंजवळ येऊन कोण थांबतंय?"

ती सहज बोलली होती. त्याला बरं वाटावं म्हणून. भीमसेननं ताट बाजूला सारलं.

सत्याप्पा भिंतीला टेकून बसला होता. पटका काढून शेजारी ठेवलेला. तो जरा पुढं सरकला.

"भीमा, एक खरं सांग. पयल्या टायमाला तू बनवून सांगितलंतंस का रं?"

"काय, आप्पा?"

"कप फुडच्या साली मिळंल, हरी कुठं मिळणार. ते तम्मा म्हनालाता का तू?"

भीमसेननं मान खाली घातली. "तम्मा तिथं काय बोलत न्हाय, आप्पा. ते वाक्य माझं. पर थांबणं त्याचं होतं. गाडी तर तुमीच बघितलीसा. हरी दवाखान्यात त्याला म्हणतोय, माझ्यापायी थांबलास, येड्या. ते त्या पिक्चरमधलंच. मी न्हाय घातलेलं."

"व्हय. गाडी थांबल्याली मी बघितली." म्हाताऱ्यानं पटक्यावरनं हात फिरवला. "पर कशासाठी थांबली, ते तू सांगितलंस. मला काय इंग्रजी येत न्हाय. मी वखारीत आणखी धा वरसं तेच सांगत ऱ्हायलो असतो. आता उद्या बायका इचारतील, तर काय सांगू?"

तम्मा हरीसाठीच थांबला होता, हे भीमसेनला सांगता आलं असतं. पण ते सिद्ध करायला पहिली 'लाल गाडी' परत आणावी लागली असती, आणि ते डबे आता कुठल्या गावात होते कुणाला ठाऊक.

सत्याप्पाची शंका गावालाही आली. महिनाभर चहाच्या हॉटेलात तोच विषय होता. तम्मा पहिल्यापासनंच बदमाश होता, मास्तरनंच त्याला देव केला, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. ट्रकांवरचं 'हरी-तम्मा' हळूहळू पुसलं गेलं. वर्गात एक पोरगा मागनं पुटपुटला, "सर, हे धड्यात हाय का तुमी घातलंय?" भीमसेननं पुस्तक उघडून त्याला ओळ दाखवली आणि मग मनातून ओशाळला, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपला शब्द पुस्तकावर बोट ठेवून खरा करावा लागला होता.

दिवाळीनंतर परशराम घरी आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"एक इंग्रजी आलाय. बोटीचा. डबं टॉकीजमध्ये ठेवलेत, मी बी अजून बघितला न्हाय. तू आधी बघ. तू न्हाय म्हणालास तर परत धाडतो."

भीमसेन गेला. सकाळची वेळ, रिकाम्या खुर्च्या, पत्र्यावर कावळे. पिक्चर चांगला होता. नेटका, समजून केलेला. बोट बुडायला लागते आणि म्हातारा कप्तान होडीतली आपली जागा एका पोरसवदा खलाशाला देतो. बोलत नाही, नुसता त्याच्या पाठीवर थाप मारतो. हे असलं बघून एरवी भीमसेनचे डोळे भरले असते. आता पडद्याकडं बघताना त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: ह्यानं किती घेतलं असतील?

तो खुर्चीत ताठ बसला. कप्तानानं काही घेतलं नव्हतं. पिक्चर संपेपर्यंत तसं काही निघालं नाही. पण तो शेवटपर्यंत वाट बघत राहिला.

बाहेर परशराम उभा होता. "कसा हाय?"

"चांगला हाय."

"मग रविवारी बसशील?"

"स्टुलावर बसंन," भीमसेन म्हणाला. "टांग्यात न्हाय."

"बरं." परशराम थोडा घुटमळला. "घरी चल. जेवून जा. आईनं मुद्दाम सांगितलंय."

"आज नगं. घरी वाट बघत्यात."

घरी कुणी वाट बघत नव्हतं. सोनुबाई माहेरी गेली होती आणि सत्याप्पा आता दुपारचं वखारीत न जाता चावडीकडं जाऊन बसायचा. परशरामलाही ते ठाऊक असणार. त्यानं मान हलवली आणि तो टॉकीजचं दार ओढून घेऊ लागला. भीमसेन स्टँडच्या बाजूनं चालत निघाला.